पॅरिसमधला मण्यांचा मंडप आणि भट्टीतला लाजवर्द

आजच्या धाग्यात लढाई नाही, किल्ला नाही, तहनामाही नाही. आजचा विषय मणी. तोही सोन्याचा वा पोवळ्याचा नव्हे, साध्या काचेचा. ज्याला आपण बाजारात चार पैशांचा समजतो आणि उत्खननाच्या अहवालांत ‘लघु पुरावस्तू’ या सदराखाली शेवटच्या प्रकरणात ढकलून देतो. सुरुवात मात्र पॅरिसपासून करावी लागेल, कारण या चार पैशांच्या मण्याला तिथे एका भुयारी रेल्वेस्थानकाचे प्रवेशद्वार होण्याचा मान मिळाला आहे.

पॅरिसची मेट्रो १९०० साली सुरू झाली. तिच्या स्थानकांसाठी एक्तोर गिमार या वास्तुकाराने ओतीव लोखंडाची, वेलींसारखी वळत जाणारी हिरवी प्रवेशद्वारे घडवली आणि ती पुढे त्या शहराची ओळख होऊन बसली. मेट्रोला शंभर वर्षे पूर्ण होत असताना ‘पाले-रोयाल म्युझे द्यु लुव्र’ या स्थानकाचे एक प्रवेशद्वार नव्याने घडवण्याचे काम ज्याँ-मिशेल ओतोनियेल या शिल्पकाराकडे आले. ओतोनियेल यांचा जन्म १९६४ सालचा, सें-एत्येन या कोळसाखाणींच्या शहरातला. लुव्र संग्रहालयापासून चार पावलांवर, कोमेदी-फ्रांसेज या जुन्या नाट्यगृहाला लागून असलेल्या चौकात त्यांची कृती २००० साली उभी राहिली. तिचे नाव ‘ल किओस्क दे नोक्तांब्युल’, म्हणजे रात्री भटकणाऱ्यांचा मंडप.

जिन्याच्या तोंडावर दोन घुमट आहेत. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात मुरानो बेटावर फुंकलेले काचेचे मोठमोठे रंगीत गोळे ओवलेले आहेत. एका घुमटाचे रंग उबदार, दिवसाचे. दुसऱ्याचे शीतल, रात्रीचे. कोणाला त्यात मुकुट दिसतो, कोणाला जत्रेतला पाळणा. छायाचित्रे नीट पाहिली तर त्याची रचना अगदी सरळ असल्याचे ध्यानात येते. मधोमध भोक असलेला गोळा, त्या भोकातून जाणारी दांडी, शेजारी दुसरा गोळा. ही माळ आहे. माणसाच्या सर्वांत जुन्या अलंकारांपैकी एक असलेली ओवलेल्या मण्यांची माळ गळ्यातून काढून चौकात इतकी मोठी केली आहे की माणसेच तिच्या आतून जा-ये करतात.

अशा मांडणशिल्पांकडे पाहताना एक प्रश्न हमखास विचारला जातो: ‘हे सुंदर आहे, पण यात एवढे मोठे काय?’ या प्रश्नाचे उत्तर आधुनिक कलेच्या इतिहासात शोधण्याआधी दागिन्यांच्या इतिहासात शोधावे, असे माझे मत आहे. कारण काच या पदार्थाचा पहिला मोठा उपयोग दागिन्यांत झाला, आणि ‘काच म्हणजे नकली रत्न’ हा शिक्काही तिला तिथेच बसला.

काच म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे पेला, बाटली, खिडकीचे तावदान येते. आरपार दिसणे हा काचेचा स्वभावच आहे, असे आपण धरून चालतो. काचेच्या इतिहासाची पहिली दीड-दोन हजार वर्षे या समजुतीला दुजोरा देत नाहीत. फुंकनळीने काच फुगवण्याची युक्ती पूर्व भूमध्य सागराच्या किनारपट्टीवर सापडली ती इ.स.पू. पहिल्या शतकात. त्यापूर्वीची काच बहुतांशी गडद, रंगीत आणि अपारदर्शक होती. इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकात मेसोपोटेमियात काचेचे तुरळक मणी दिसू लागतात. कुप्या आणि पेले येतात ते इ.स.पू. सोळाव्या शतकाच्या आसपास. म्हणजे माणसाने काचेतून पाणी पिण्याआधी कित्येक शतके काच अंगावर घातली होती.

ती घालण्यामागे एका दगडाची ओढ होती. तो दगड म्हणजे लाजवर्द, संस्कृत ग्रंथांतला राजावर्त. गर्द निळा, त्यात सोनेरी कणांची पखरण. प्राचीन जगाला तो मिळे मुख्यतः आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शानच्या डोंगरांतून. तिथून उर, बाबिलोन आणि पुढे ईजिप्तपर्यंतचा प्रवास हजारो किलोमीटरांचा. देवांच्या मूर्ती, राजांच्या मुद्रा, राण्यांचे अलंकार या साऱ्यांना तो हवा, आणि तो नेहमीच अपुरा. तेव्हा वाळू, वनस्पतींची राख आणि तांब्याचे किंवा कोबाल्टचे क्षार भट्टीत एकत्र वितळवून तोच निळा रंग साधण्याचा प्रयत्न झाला.

अक्कादी भाषेत लाजवर्दाला ‘उक्नू’ म्हणत. त्या भाषेत दोन प्रकारचे उक्नू आहेत: पर्वताचा उक्नू आणि भट्टीचा उक्नू. पहिला म्हणजे खाणीतला दगड, दुसरा म्हणजे काच. भाषेने दोघांत फरक केला खरा, पण दोघांनाही नाव एकच दिले. ‘खरा’ आणि ‘खोटा’ अशी विशेषणे न लावता तिने केवळ दोघांची जन्मस्थाने सांगितली.

असुरबनिपाल राजाच्या निनेवे येथील ग्रंथसंग्रहात सापडलेल्या इ.स.पू. सातव्या शतकातील काही मृत्तिकापटांवर काच घडवण्याच्या कृती कोरलेल्या आहेत. त्यांत मिश्रणाचे घटक आहेत, भट्टीचा धूर नाहीसा होईपर्यंत कोणते लाकूड जाळावे याच्या सूचना आहेत आणि त्यांच्या आधी एक विधी आहे. शुभ महिना आणि शुभ दिवस पाहून भट्टीचा पाया घालावा. ‘कूबू’ नावाच्या शक्तींच्या प्रतिमा तिथे मांडाव्यात. परक्याने आणि अशुचि माणसाने त्या जागेत पाऊल ठेवू नये. मेंढीचा बळी द्यावा. कूबू म्हणजे अकाली गळून गेलेले गर्भ. भट्टी हे गर्भाशय आणि काच हा तिच्या पोटी वाढणारा जीव, अशी काहीशी कल्पना यामागे असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू वाहणाऱ्या आपल्याकडच्या कारागिरांना यात फारसे नवल वाटणार नाही. ज्या वस्तूसाठी इतके सोवळे पाळले जाई, तिला तिचे घडवणारे स्वस्त नक्कल समजत नव्हते, हे निश्चित.

ईजिप्तमध्ये तर याचा पुरावा आपण सर्वांनी असंख्य वेळा पाहिला आहे. तुतनखामेनचा दहा किलोंहून अधिक वजनाचा सुवर्णमुखवटा आठवा. भुवया आणि डोळ्यांभोवतीच्या रेषा लाजवर्दाच्या आहेत. मस्तकावरील पट्टेदार वस्त्राचे निळे पट्टे मात्र काचेचे आहेत. ज्या राजघराण्याला खऱ्या लाजवर्दाची वानवा नव्हती, त्याने मृत राजाच्या मुखावर दगड आणि काच शेजारी शेजारी बसवली. अमर्ना येथे सापडलेल्या पत्रव्यवहारात पूर्व भूमध्य किनाऱ्यावरील मांडलिक राजे फॅरोच्या मागणीनुसार कच्ची काच पाठवत असल्याचे उल्लेख आहेत. काच ही त्या काळी राजाने राजाकडून मागवण्याची चीज होती.

१९८२ साली तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यापाशी, उलुबुरुन येथे, स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याला समुद्राच्या तळाशी धातूचे विचित्र आकाराचे ठोकळे दिसले. पुढे अनेक वर्षे चाललेल्या सागरी उत्खननातून इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या अखेरीस बुडालेले एक व्यापारी जहाज उलगडले. त्यात सुमारे दहा टन तांबे आणि एक टन कथील होते, हस्तिदंत होता, आणि कच्च्या काचेचे सुमारे पावणेदोनशे गोल ठोकळे होते: गर्द निळे, फिरोजी, जांभळट. हे ठोकळे कुठल्या तरी भट्टीत पुन्हा वितळून मणी आणि जडावकामाचे तुकडे व्हायचे होते. त्या जहाजाचा माल म्हणजे त्या काळच्या राजवाड्यांची मागणीच म्हणायची, आणि तीत काचेला तांब्याच्या शेजारी जागा होती.

मग काच ‘खोटी’ झाली कधी? जेव्हा ती विपुल झाली, तेव्हा. हा माझा तर्क आहे, पण आपल्याकडच्या ग्रंथांकडे पाहिल्यावर तो बळावतो.

कौटिलीय अर्थशास्त्रात कोशात येणाऱ्या रत्नांची चर्चा करताना ‘काचमणि’ हा शब्द येतो आणि सोनारकामाच्या प्रकरणात काच जडवण्याचाही उल्लेख आहे. म्हणजे काच रत्नांच्या पंगतीला बसली होती, पण पंगतीच्या शेवटी. पुढच्या सुभाषितांत काच आणि मणी यांची तुलना ही मूर्ख आणि शहाणा यांच्या तुलनेची ठरावीक उपमाच होऊन गेली. मराठीत ‘हिऱ्यापोटी गारगोटी’ म्हणताना आपण त्याच मूल्यव्यवस्थेत बोलत असतो.

इथे थोडे थांबून समाजमाध्यमांवर सतत फिरणाऱ्या दोन संदेशांचा समाचार घेणे भाग आहे. एक म्हणतो, काच भारतात रोमनांनी आणली. दुसरा म्हणतो, काच भारताने जगाला दिली. पहिल्याचा आधार ‘पेरिप्लस’ हा इ.स. पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवृत्तान्त: त्यात भरुच बंदरात आयात होणाऱ्या मालाच्या यादीत कच्ची काच आहे. दुसऱ्याचा लाडका आधार प्लिनी. त्याच शतकातला हा रोमन लेखक म्हणतो की भारतातली काच स्फटिकाच्या चुऱ्यापासून बनते आणि तिला तोड नाही. दोन्ही साक्षी एकाच शतकातल्या, आणि त्या एकमेकींना खोडून काढत नाहीत. ज्या देशात भट्ट्या आहेत आणि मागणीही मोठी आहे, तो देश काच घडवतोही आणि मागवतोही. काचेच्या जन्माचे सर्वांत जुने भक्कम पुरावे पश्चिम आशियातले आहेत. हडप्पा संस्कृतीत चकाकणारे ‘फेयान्स’ विपुल सापडते, पण फेयान्स म्हणजे काच नव्हे. त्यात वाळू पूर्ण वितळलेली नसते. मात्र लोहयुगापासून पुढे भारतीय उपखंडाने स्वतःची काच घडवली, हेही तितकेच पक्के आहे, आणि त्याची साक्ष कोणत्याही ग्रंथापेक्षा रसायनशास्त्र अधिक स्पष्ट देते. भूमध्य प्रदेशातली रोमन काच नेट्रॉन या खनिज क्षारावर बनलेली. भारतातली बरीचशी काच रेताड मातीवर आणि जमिनीवर फुलून येणाऱ्या खारावर, म्हणजे ‘रेह’वर. त्यामुळे तिच्यात ॲल्युमिनाचे प्रमाण लक्षणीय जास्त असते. तांदळाच्या दाण्याएवढा मणीही आपले माहेर असे सांगून टाकतो.

या भारतीय मण्यांच्या पराक्रमाची कथा मला कोणत्याही दिग्विजयाहून अधिक रोमांचक वाटते. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडू येथे मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४५ साली उत्खनन केले, तेव्हा गाजावाजा झाला तो रोमन मद्यकुंभांचा आणि इटलीतल्या तांबड्या भांड्यांचा. त्याच मातीत काचेचे बारीक मणी आणि ते बनवतानाची टाकाऊ काच प्रचंड प्रमाणात होती. हे मणी ओढून काढलेले असत. लोखंडी नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा पोकळ शंकू तयार करायचा आणि भट्टीच्या तोंडातून दोऱ्यासारखी बारीक, पण आतून पोकळ नळी ओढत राहायचे. मग तिचे तुकडे पाडायचे आणि राखेत घोळवून पुन्हा तापवायचे, म्हणजे धारदार कडा गोल होतात. आंध्र प्रदेशातील पापानायडुपेटा या गावात हे तंत्र आपल्या काळापर्यंत टिकून राहिले. या जातीच्या मण्यांना पीटर फ्रान्सिस या अभ्यासकाने ‘इंडो-पॅसिफिक’ असे नाव दिले, कारण ते दक्षिण आफ्रिकेतील मापुंगुब्वेपासून थेट कोरिया आणि जपानपर्यंत सापडतात. भारतातल्या कोणत्याही राजाचे नाणे इतक्या दूरवर चालले नाही.

महाराष्ट्रातही हे मणी भरपूर आहेत. कोल्हापूरजवळची ब्रह्मपुरी, विदर्भातले कौंडिण्यपूर, प्राचीन तगर म्हणजे आजचे तेर: सातवाहनकालीन थरांत काचमणी सापडले नाहीत असे मोठे स्थळ विरळा. त्यांच्याकडे गांभीर्याने पाहणाऱ्या पहिल्या पिढीतले एक नाव तुम्ही ऐकलेले असावे अशी माझी इच्छा आहे: मोरेश्वर गंगाधर दीक्षित. हसमुख सांकलिया यांच्यासह त्यांनी १९४५-४६ साली ब्रह्मपुरीचे उत्खनन केले. १९४९ साली त्यांनी रेखांकित मण्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, आणि १९६९ साली मुंबई विद्यापीठाने त्यांचा भारतीय काचेचा इतिहास प्रसिद्ध केला. ज्या काळात नाणी, ताम्रपट आणि लेणी यांनाच इतिहास समजले जाई, त्या काळात एका माणसाने मण्यांच्या भोकांत इतिहास शोधला. आमच्या अभ्यासक्रमात सातवाहनांवर तास खूप झाले, मण्यांवर नाही. नाणे राजाचे असते आणि मणी कोणाचाच नसतो, हे त्यामागचे न बोललेले कारण असावे.

‘कोणाचाच नाही’ हेही खरे नाही. रायगड जिल्ह्यातल्या चौलचे उदाहरण घ्या. तिथे सापडलेल्या काही काचमण्यांची रासायनिक घडण पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सापडलेल्या मण्यांशी जुळते. कोकणातले एक बंदर आणि समुद्रापलीकडची स्वाहिली गावे यांच्यात जो व्यवहार चालला, त्याची नोंद कुठल्या दप्तरात नसली तरी तिथल्या स्त्रीपुरुषांच्या गळ्यात होती.

आता युरोपकडे परतू, कारण ओतोनियेल यांचे मणी ज्या मुरानोत फुंकले गेले, त्याचाही एक इतिहास आहे आणि तो निष्पाप नाही.

व्हेनिसने १२९१ साली आगीच्या भयाने शहरातल्या काचभट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या. कारागीर तिथे प्रतिष्ठित होते आणि बांधलेलेही. आपली विद्या घेऊन परमुलखात जाण्यास त्यांना मनाई होती. तिथला सर्वांत प्रसिद्ध मणी म्हणजे ‘रोसेत्ता’: निळ्या, पांढऱ्या आणि लाल थरांचा, कापल्यावर आत ताऱ्याची नक्षी दाखवणारा. परंपरेने त्याचे श्रेय मारिया बारोविएर या स्त्रीला दिले जाते. आंजेलो बारोविएर या नामांकित काचकाराची ही मुलगी. १४८७ साली तिला स्वतःची लहान भट्टी चालवण्याची परवानगी मिळाल्याची नोंद आहे. मण्यांच्या इतिहासात घडवणाऱ्याचे नाव हाती लागण्याचा हा दुर्मीळ प्रसंग, म्हणून ते मुद्दाम इथे लिहिले. पुढच्या शतकांत व्हेनिसच्या गल्ल्यांत दारापुढे बसून मांडीवरच्या लाकडी परातीतले बारीक मणी पंख्यासारख्या धरलेल्या अनेक सुयांवर एकदम ओवणाऱ्या हजारो बायका होत्या. त्यांना ‘इंपिरारेसे’ म्हणत. त्यांची छायाचित्रे आहेत, नावे बहुधा नाहीत.

हे मणी जहाजांत भरून गेले ते आफ्रिकेला आणि अमेरिकेला. मॅनहॅटन बेट मण्यांच्या मोबदल्यात विकत घेतले, ही कथा तुम्ही वाचली असेल. १६२६ सालच्या मूळ पत्रात साठ गिल्डर मोलाचा उल्लेख आहे, मण्यांचा नाही. पण ही दंतकथा पसरली ती तिच्यामागच्या वास्तवामुळे. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या खरेदीत कापड, बंदुका, दारू, धातू यांच्यासोबत काचेचे मणीही मोजून दिले जात. कापडाचा वाटा मोठा होता, मण्यांचा लहान, तरीही होता. ‘भोळ्या आदिवासींना चमकदार काचेने फसवले’ ही मांडणी मात्र मला मान्य नाही. आफ्रिकेतल्या ग्राहकांची आवड इतकी चोखंदळ होती की चुकीच्या रंगाचा मणी तिथे खपत नसे आणि व्यापाऱ्यांना व्हेनिसला नमुने पाठवून नवे रंग मागवावे लागत. त्यांना काच आणि रत्न यांतला फरक कळत नव्हता असे नव्हे. त्यांचा मोल ठरवण्याचा हिशेब वेगळा होता. फसवणूक मण्याची नव्हती. एका पारड्यात माणूस ठेवला गेला, गुन्हा तो होता.

या पार्श्वभूमीवर ओतोनियेल यांच्या माळा पाहाव्यात. १९९६ साली रोममधील व्हिला मेदिची या फ्रेंच कलासंस्थेत निवासी कलावंत असताना त्यांनी बागेतल्या झाडांच्या फांद्यांवर काचेच्या मोठाल्या माळा लटकवल्या. त्याच वर्षाच्या आरंभी क्यूबात जन्मलेले अमेरिकी कलावंत फेलिक्स गोन्सालेस-तोरेस एड्सने वारले. मण्यांचे पडदे हे त्यांच्या कामाचे एक ठळक माध्यम होते. त्यांच्या स्मरणार्थ ओतोनियेल यांनी १९९७ साली ‘कोलिए सिकात्रिस’, म्हणजे व्रणमाला, केली: लाल काचेच्या लहान मण्यांची साधी माळ, एक हजार एक प्रतींत, पॅरिसमधल्या समलिंगी समुदायाच्या मिरवणुकीत लोकांना वाटलेली. ज्या आजाराचे नाव उच्चारायलाही लोक धजत नव्हते, त्याचे सुतक या माळेमुळे गळ्यात उघडपणे मिरवता आले. तीन वर्षांनी मेट्रोच्या दारावर आलेला झगमगता मंडप या लाल माळेचाच मोठा भाऊ आहे. त्याला नुसता उत्सवी म्हणणाऱ्यांनी ही लहान माळ पाहिलेली नसते.

आणि मग ही वाट भारतात येते. उत्तर प्रदेशातील फिरोजाबाद हे बांगड्यांचे शहर. लग्नात भरला जाणारा हिरवा चुडा आपल्याकडचा कासार हातात चढवतो, पण त्यातल्या बऱ्याच बांगड्यांचा जन्म तिथला असतो. तिथे भट्टीतून ओढलेली काचेची तार फिरत्या रुळावर स्प्रिंगसारखी गुंडाळली जाते, हिरकणीने चिरून तिचे सुटे वेढे होतात, आणि मग त्या वेढ्यांची उघडी तोंडे घराघरांतून, ज्योतीवर, बहुधा स्त्रिया जोडतात. तिकडे या कामाला ‘जुडाई’ म्हणतात. ताजमहालाच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिलेल्या निकालानंतर इथल्या भट्ट्यांना कोळसा सोडून नैसर्गिक वायूकडे वळावे लागले. संगमरवर वाचला, जुडाईच्या ज्योतीपुढे वाकलेल्या डोळ्यांची आणि फुप्फुसांची काळजी तितक्या तत्परतेने कोणी घेतल्याचे दिसत नाही.

भारतात फिरताना रस्त्याकडेला रचलेल्या विटांचे ढीग ओतोनियेल यांच्या मनात भरले: कधीतरी घर बांधू, या आशेने माणसे थोड्या थोड्या विटा जमवून ठेवतात. त्यांनी फिरोजाबादच्या कारागिरांकडून काचेच्या विटा फुंकून घेतल्या. त्यांतूनच ‘महालाट’ हे मांडणशिल्प झाले: सुमारे दहा हजार काळसर विटांची, काही मीटर उंच उसळून आत वळलेली लाट. फ्रान्समधल्या सेत या बंदरगावात ती मांडली गेली. २०२१ साली पॅरिसच्या पती पाले संग्रहालयात निळ्या विटांची नदी पायऱ्यांवरून वाहत होती. त्या विटांतले बुडबुडे आणि वेडेवाकडेपण कलावंताने जाणीवपूर्वक राखले आहे. हे दोष म्हणजे फुंकणाऱ्याच्या श्वासाची खूण.

इथे माझे मन द्विधा होते, आणि ते तसेच राहू देतो. एकीकडे, बांगडीच्या भावात मोजल्या जाणाऱ्या हस्तकौशल्याला संग्रहालयाच्या दालनात जागा मिळाली, ही लहान गोष्ट नाही. दुसरीकडे, फलकावर नाव एकच असते. त्याखाली ‘भारतीय काच’ असे लिहिलेले असते. जसे पुरातत्त्वीय अहवालात ‘काचमणी, विविध रंग, संख्या अमुक’ असे लिहिलेले असते. मारिया बारोविएरनंतर पाचशे वर्षांनी आपण काचेचे मूलद्रव्य न् मूलद्रव्य मोजू शकतो. फुंकणाऱ्याचे नाव फलकावर लिहिणे त्यापेक्षा कठीण नसावे.

शेवटी एक घरगुती प्रयोग. मंगळसूत्रातल्या सोन्याच्या वाट्यांकडे सगळ्यांचे लक्ष असते, पण त्यातली काळी पोत बहुतेक वेळा काचेचीच असते. घरात आजीच्या किंवा पणजीच्या काळातली जुनी पोत असेल, तर तिची परवानगी घेऊन एक मणी दिव्यासमोर धरा आणि भिंगातून पाहा. काळा भासणारा मणी उजेडात कित्येकदा गर्द जांभळा किंवा हिरवा निघतो. आतले बुडबुडे भोकाच्या दिशेने लांबट ताणलेले असतील, तर तो मणी अरिकमेडूच्या जातीचा, ओढून काढलेल्या नळीचा. बुडबुडे भोकाभोवती गोल फिरत असतील, तर कोणीतरी तो तारेवर एकेक करून गुंडाळला आहे. काय दिसले ते खाली लिहा. शक्य असेल तर पोत कुठल्या गावच्या बाजारात, कुणाकडून घेतली होती, हेही विचारून लिहा.